माईसाहेबांच्या कपाळावरचा हिरवा

“लाल द्या,” पाखरे मास्तर म्हणाले, आणि मी त्यांना हिरवा दिला.

विनोद म्हणून दिला. तेव्हा मी तीस वर्षांचा होतो आणि करमाळ्याच्या एका साप्ताहिकात ‘चिमटे’ नावाचं सदर लिहायचो. माणसाला असं सदर मिळालं की तो आठवड्यातून एक दिवस विनोदी असतो आणि उरलेले सहा दिवस त्याची तयारी करतो. तो रविवार तयारीचा होता.

मास्तरांनी वळून न बघता हात मागं केला, ट्यूब घेतली. अंगठ्यानं तिचा गळा जरासा चाचपला आणि थांबले. मला वाटलं, आता येणार. मास्तर बोलायला गरीब, पण शिवी द्यायचे ती ठेवणीतली असायची. मी ती झेलायच्या तयारीत बसलो.

शिवी आली नाही. मास्तरांनी वळून एकदा माझ्याकडं पाहिलं. मी चेहरा सरळ ठेवला. ते एक मला चांगलं जमतं. मग त्यांनी टोपण काढलं, हरभऱ्याएवढा रंग पिळला, ब्रशच्या टोकावर घेतला आणि माईसाहेब नलवड्यांच्या कपाळावर मधोमध टेकवला.

“झालं,” ते म्हणाले. चार पावलं मागं आले, डोळे बारीक केले. “कसं वाटतंय?”

माईसाहेबांच्या कपाळावर हिरवंगार कुंकू होतं.

आधी वाटलं, मास्तर माझ्यावरच उलटा डाव टाकतायत. मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. त्यावर डाव नव्हता. काम संपलेल्या माणसाचं समाधान होतं आणि नाकावर थोडा पिवळा रंग होता.

“चांगलं आहे,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

इथं मास्तरांची थोडी ओळख करून द्यायला हवी. भानुदास पाखरे हे आमच्या गावच्या कन्या प्रशालेत ड्रॉइंग मास्तर. शाळेत ते मुलींना फुलदाणी आणि केळी काढायला शिकवायचे. घरी मात्र माणसं काढायचे. त्यांची माणसं म्हणजे डोक्याच्या जागी अंडं, खांद्यांच्या जागी टेकडीसारखी एक रेघ आणि खाली अंगाचा एक मोठा ठोकळा. डोळे नाहीत, तोंड नाही. आधी ते माणूस अगदी हुबेहूब काढायचे, पापण्यांसकट. मग तेलात बुडवलेली चिंधी घेऊन एकेक गोष्ट पुसत जायचे. नाक पुसायचे, बघायचे. कान पुसायचे, बघायचे. “एवढं गेलं तरी तोच आहे की नाही?” असं मला विचारायचे. नाही म्हटलं की शेवटची पुसलेली वस्तू परत यायची. एका म्हातारीला तिचा डावा कान असा तीन वेळा परत मिळाला होता.

रंग चारच. काळा, पांढरा, पिवळ्या मातीचा आणि लाल. त्यातला लाल चित्रात एकदाच, सगळ्यात शेवटी, एवढासा. ट्यूबा बाराच्या डब्यात यायच्या, त्यातल्या नको असलेल्या आठ बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पडून असायच्या.

मी ‘चिमटे’मध्ये लिहिलं होतं की, पाखरे मास्तरांनी काढलेलं चित्र हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीत छापलं, तर निम्मं करमाळा पोलीस ठाण्यात हजर होईल. मास्तरांनी तो अंक वहिनींकडून वाचून घेतला, हसले आणि मला रविवारी चहाला बोलावलं. तेव्हापासून दर रविवारी मी तिथंच. माझ्या घरी रविवारी सासुरवाडीची माणसं यायची, हेही एक कारण होतं.

मास्तर काम करत असताना ट्यूबा हातात द्यायचं काम वहिनींचं. शकूवहिनी खालच्या स्टुलावर बसून निवडणं-टिपणं करायच्या आणि मास्तरांनी हात मागं केला की रंग द्यायच्या. त्या महिन्यात त्या बहिणीच्या बाळंतपणाला बार्शीला गेल्या होत्या. जाताना मला बजावून गेल्या.

“भावजी, दोरा बांधलेली ट्यूब लाल. ती तेवढी बघून द्या हं.”

लाल ट्यूबच्या गळ्याला खरंच काळा दोरा गुंडाळलेला होता. मी म्हटलं, “दृष्ट लागू नये म्हणून का?”

“तसंच समजा,” वहिनी म्हणाल्या.

मला लाल रंग ओळखता येत नाही असं या बाईला का वाटावं, याचा मी दोन दिवस राग धरला होता. मग विसरलो.

आता त्या चित्रासमोर बसून आठवलं. आणि कळलं, की दोरा माझ्यासाठी नव्हता.

माईसाहेब म्हणजे संस्थेचे चेअरमन जयवंतराव नलवडे यांच्या मातोश्री. वर्षापूर्वी गेल्या. शाळेला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि सभागृहात त्यांची तसबीर लागायची होती. सोलापूरहून फोटो मोठा करून आणता आला असता, पण घरचा ड्रॉइंग मास्तर असताना बाहेर कशाला, असा जयवंतरावांचा विचार. त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं होतं, “तुमची ती पुसापुशी थोडी कमी करा. आणि हे बघा, आई भरल्या कपाळानं गेली. कुंकू ठसठशीत दिसलं पाहिजे. बाकी तुम्ही आणि तुमची कला.”

मास्तर त्या जूनमध्ये कायम व्हायचे होते. ती फाईल जयवंतरावांच्या टेबलावर होती. कायम न होण्याला कारण लागत नसे. इथं तर आयतं होतं. मुलींना रंग शिकवणाऱ्या मास्तराला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही, हे एकदा सभागृहात कळलं असतं तर मास्तर जुलैमध्ये काय करणार होते, ते मला सांगता येत नाही. त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

आणि माझ्या हातात त्या वर्षातला सगळ्यात मोठा विनोद होता. हे कबूल करायला हरकत नाही. त्यावरच्या लेखाची पहिली ओळसुद्धा सुचली होती. चांगली होती. अजून आठवते. सांगणार नाही.

मास्तर ब्रश धूत होते. मी तोंड उघडलं, “मास्तर, जरा तो...” आणि दारात हातगाडी वाजली. शाळेचे शिपाई मुलाणी आले होते.

“चेअरमनसायबांनी सांगितलंय, तसबीर आत्ताच्या आत्ता आणा. सकाळी धा वाजता पडदा काढायचाय.”

“ओली आहे,” मास्तर म्हणाले.

“आडवी नेतो. पालथी नाही घालत.” मुलाणींनी चित्राकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मास्तरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली. गावात काहीही विपरीत दिसलं की ते माझ्याकडंच बघून मान हलवायचे. यावेळी पहिल्यांदाच त्यांचा अंदाज बरोबर होता.

हातगाडी गेली. मास्तरांनी मला चहा करून दिला. साखर विसरले होते. मी तसाच प्यालो.

संध्याकाळी मी खिशात दोऱ्याची ट्यूब घालून शाळेत गेलो. बेत सोपा होता. सभागृहात शिरायचं, हिरव्यावर बोटानं लाल ठिपका द्यायचा, घरी यायचं. मुलाणी सभागृहाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

“एक मिनिट आत जाऊ का, मुलाणीभाई? मास्तरांचा चष्मा राहिलाय.”

“मास्तर चष्मा लावत न्हाईत.”

“माझा राहिलाय.”

“तुमच्या डोळ्यावर हाय.”

मी चष्मा काढून खिशात घातला. उपयोग झाला नाही.

“पडदा कुणाला उचलू द्यायचा न्हाई असं सायबांनी सांगितलंय,” मुलाणी म्हणाले. “आणि तुमचं नाव घेऊन सांगितलंय.”

गावात नाव असणं म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी समजलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सभागृह भरलं. पुढच्या रांगेत जयवंतराव, त्यांच्या शेजारी त्यांचे वडील तात्यासाहेब. वय चौऱ्याऐंशी, फेटा, हातात काठी, काठीवर हनुवटी. मागं संचालक, त्यामागं शिक्षक, जमिनीवर मुली. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट. वहिनी नसल्यामुळं एक बाही घडीची आणि दुसरी चुरगळलेली. मी मधल्या रांगेत, खिशात लाल ट्यूब.

जयवंतरावांनी दोरी ओढली. पडदा पडला.

काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या मातीचा एक मोठा, शांत ठोकळा होता. पदराची एक रेघ डोक्यावरून खाली आलेली. हात पदराखाली. डोळे नव्हते, तोंड नव्हतं. अंड्यासारखं कपाळ आणि त्यावर तो ठिपका. सकाळच्या उजेडात तो फारच हिरवा दिसत होता.

मुलींमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“मास्तर,” जयवंतराव म्हणाले, “हे काय आहे?”

मास्तर पुढं आले. “कुंकू,” ते म्हणाले.

“हिरवं?”

मास्तरांनी चित्राकडं पाहिलं. मग त्यांनी मान वळवून सभागृहात मला शोधलं. रागानं नाही. हिशेब जुळत नाही तेव्हा माणूस कागदाकडं बघतो, तसं बघितलं. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते: ट्यूब देशमान्यांनी, म्हणजे मी, दिली. ते वाक्य खरंही होतं. ते बोलले नाहीत. कारण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न आला असता: आणि तुम्हाला दिसलं नाही?

“मी विचारतोय, मास्तर. तुम्हाला लाल रंग माहीत नाही का?”

मी उभा राहिलो. कुणी बोलावलं नव्हतं.

“जयवंतराव, मी सांगू का?”

“तुम्ही खाली बसा, देशमाने. हे ‘चिमटे’ नाही.”

“म्हणूनच सांगतो. चित्रात माईसाहेबांचे हात कुठं आहेत?”

“कुठं आहेत?”

“पदराखाली. मग चुडा कसा दाखवणार?”

जयवंतरावांनी चित्राकडं पाहिलं. मी मुलींच्या मधून वाट काढत पुढं आलो. पुढं काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. बोलून झाल्यावर कळलं.

“सवाष्णीला आपण भरतो काय? हिरवा चुडा. ओटीत खण कसला? हिरवा. लग्नात अंगावर साडी? हिरवी. कुंकू लाल लावायचं हे पोरालासुद्धा माहीत आहे, ते दाखवायला मास्तर कशाला पाहिजेत? मास्तरांच्या चित्रात रंग मोजके असतात. एकेक वस्तू पुसत जातात, हे गावाला माहीत आहे. हात पदराखाली गेले, चुडा पुसला गेला. पण चुड्याचा रंग पुसवेना. तो त्यांनी उचलून कपाळावर नेला. आता एका ठिपक्यात चुडाही आहे आणि कुंकूही आहे. माईसाहेबांचं सगळं सौभाग्य आहे. मला तर काल हे बघून बोलवेना.”

शेवटचं वाक्य खरं होतं.

सभागृहात कोणी हललं नाही. मी विनोद करतोय का, हे सगळे माझ्या तोंडाकडं बघून ताडत होते. तीन वर्षं मी त्यांना तीच सवय लावली होती. मी चेहरा सरळ ठेवला.

तात्यासाहेबांनी काठीवरची हनुवटी उचलली. उठले. कोणी हात द्यायच्या आत चित्राजवळ गेले. इतके जवळ की फेटा ओल्या रंगाला लागेल अशी मला भीती वाटली.

“सोन्याचे बिलवर केले होते तिला,” ते चित्राला म्हणाले. “घातले नाहीत कधी. काचेच्याच घालायची. हिरव्या. आणि हात असेच पदरात. मी ओरडलो की आत न्यायची.”

जयवंतराव म्हणाले, “तात्या, बरं वाटतंय का चित्र?”

“नाक तिचंच आहे,” तात्यासाहेब म्हणाले.

चित्रात नाक नव्हतं. पण चेअरमनच्या वडिलांनी बघितलं म्हटल्यावर सगळ्यांनी बघितलं. टाळ्या पडल्या. आधी संचालकांच्या, मग शिक्षकांच्या, मग मुलींच्या. मास्तर भिंतीशी उभे होते. टाळ्या थांबेपर्यंत ते आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडं बघत होते.

बाहेर आल्यावर जयवंतराव म्हणाले, “देशमाने, ते चुड्याचं लिहून काढा. येत्या अंकात. आणि त्यात विनोद नको.”

लिहिलं. माझ्या आयुष्यातला तो एकमेव गंभीर लेख, आणि त्यातलं एक अक्षर खरं नाही. तो जितका चालला तितकं माझं दुसरं काही चाललं नाही. त्या वर्षी एलिमेंटरी परीक्षेला आमच्या शाळेतून अकरा मुली बसल्या. स्मरणचित्रात हळदीकुंकू आलं होतं. अकराही जणींनी कुंकू हिरवं काढलं. परीक्षकांनी काय केलं ते मी विचारलं नाही. पुढं पुण्याहून एक प्राध्यापक आले, चित्रासमोर दोन तास बसले आणि त्या हिरव्यावर चौदा पानं लिहून छापली. त्यात चुडा नव्हताच. त्यांना तिथं विद्रोह सापडला होता.

मास्तर जूनमध्ये कायम झाले.

पडदा काढल्यानंतरच्या रविवारी मी गेलो तेव्हा वहिनी बार्शीहून परत आल्या होत्या. लाल ट्यूब मी टेबलावर ठेवून दिली. त्यांनी ती उचलली, दोरा ठाकठीक आहे का बघितलं.

“भावजी, तुम्ही आपले चहा घ्या,” त्या म्हणाल्या. “ट्यूबा मी देत जाईन.”

त्यावर आमच्यात बेचाळीस वर्षं एक शब्द झाला नाही. रविवार चुकले नाहीत. मास्तर रिटायर झाले, मग साप्ताहिक बंद पडलं आणि मीही रिटायर झालो. मास्तरांची माणसं आणखी साधी होत गेली. हल्ली हल्ली तर खांद्याची ती एक रेघ आणि लाल ठिपका, एवढ्यावर काम भागायचं.

गेल्या मार्गशीर्षात वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी गेलो तर त्या पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, डोळ्यावर हिरवं फडकं. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना तसंही फारसं दिसत नव्हतं. मास्तर ऐंशीला टेकलेले, खिडकीशी बसून पाटाएवढ्या फळीवर एक माणूस पुसत होते. स्टुलावर मी बसलो. दुसरं कोणी नव्हतं.

“नव्या ट्यूबा आहेत हो,” वहिनी पलंगावरून म्हणाल्या. “परवा पोरानं पुण्याहून आणल्यात. दोरा बांधायचा राहिलाय माझा.”

बोलून गेल्या. मास्तरांचा हात थांबला. एवढ्या वर्षांत दोरा हा शब्द त्या घरात माझ्यासमोर दुसऱ्यांदा निघाला होता.

मी म्हणालो, “मास्तर, तो हिरवा मी मुद्दाम दिला होता.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“जयवंतराव ‘हिरवं’ म्हणाले तेव्हापासून.” त्यांनी चिंधीची कोरडी बाजू शोधली. “दोरा नाही हे मात्र आधीच कळलं होतं. हाताला लागला नाही.”

“मग लावलात कशाला?”

“करणार काय होतो? हा लाल नाही म्हणावं, तर एखादे वेळी दोरा सुटलेला लालच असायचा. कुठला आहे म्हणून विचारावं, तर विचारणार कुणाला? तुम्हाला. सदर चालवणाऱ्याला.”

वहिनी फडक्याखाली हसल्या.

“मग वळून तुमच्या तोंडाकडं बघितलं,” मास्तर म्हणाले. “म्हटलं, माणूस चावट आहे. सगळ्या गावाची टिंगल करतो. पण आपण मागितलेला लाल हा लालच देईल. म्हणून लावला.”

लोकांना वाटतं विनोदी लेखकाला उत्तर लगेच सुचतं. लेखी सुचतं.

मास्तरांनी फळी उजेडाकडं वळवली. खांद्याची रेघ राहिली होती, बाकी सगळं गेलं होतं. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. मग नेहमीसारखा, वळून न बघता हात मागं केला.

“लाल द्या.”

डब्यात बारा ट्यूबा होत्या. माझाही चष्मा आता जाड झालाय. मी एक उचलली, खिडकीशी धरली, तिच्यावरचं नाव वाचलं, परत वाचलं. टोपण काढून टोक बघितलं, टोपण लावलं आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांचा अंगठा ट्यूबच्या गळ्याशी गेला. तिथं काही नव्हतं. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं.

मी चेहरा सरळ ठेवला. तेवढा एकच चेहरा माझ्याकडं आहे.

“लाल?” मास्तरांनी विचारलं.

“लाल.”

पलंगावर वहिनींनी मान या बाजूला वळवली होती. मास्तरांनी टोपण काढलं, हरभऱ्याएवढा रंग पिळला, ब्रशच्या टोकावर घेतला आणि लावला.

लालच होता.